पाच शिलिंग कोणाच्या नावावर? एलिनॉर रॅथबोन आणि ब्रिटनचा कुटुंबभत्ता कायदा

१९४५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारने कुटुंबभत्त्याचे विधेयक संसदेत मांडले, तेव्हा युद्ध अजून संपलेले नव्हते आणि विन्स्टन चर्चिल यांचे सर्वपक्षीय सरकार सत्तेवर होते. विधेयकाचा गाभा अगदी साधा होता: घरातले पहिले मूल वगळून पुढच्या प्रत्येक मुलामागे सरकारने आठवड्याला पाच शिलिंग (म्हणजे पाव पौंड) द्यावेत, आणि ते देताना गरीब-श्रीमंत असा भेद करू नये. ही मागणी १९१७ पासून लावून धरणाऱ्या एलिनॉर रॅथबोन तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या आणि जवळपास सोळा वर्षे कॉमन्स सभागृहाच्या सदस्य होत्या. विधेयक येणे हाच त्यांच्या आयुष्यातला कृतार्थतेचा क्षण ठरायचा. परंतु त्यांनी सरकारला बजावले की, एक कलम बदलले नाही तर आपण याच विधेयकाच्या विरोधात मत देऊ. पती-पत्नी एकत्र राहत असतील तर भत्ता पतीच्या मालकीचा असेल, असे ते कलम होते.

अठ्ठावीस वर्षांचे काम एका कलमापायी पणाला लावण्याइतके त्यात काय होते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. या लेखकाचे मत सुरुवातीलाच नोंदवतो. रॅथबोन यांनी ते कलम जिंकले, पण ज्या विचारासाठी त्यांना ते हवे होते तो विचार सरकारने तेव्हाही स्वीकारला नाही आणि पुढेही स्वीकारला नाही. भत्ता मिळाला तो अर्थखात्याच्या गरजेतून; तो आईच्या नावावर झाला तो मात्र केवळ त्यांच्या हट्टामुळे.

लिव्हरपूलची गोदी आणि सैनिकांच्या बायका

एलिनॉर रॅथबोन यांचा जन्म १२ मे १८७२ रोजी लंडनमध्ये झाला, तरी घराणे लिव्हरपूलचे. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार आणि जहाजे, त्याच्या जोडीला लोकसेवेची परंपरा, असे ते घर होते. वडील विल्यम रॅथबोन उदारमतवादी पक्षाचे खासदार होते आणि घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था इंग्लंडमध्ये उभी करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. एलिनॉर यांनी ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात ग्रीक-लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास १८९६ मध्ये पूर्ण केला. परीक्षा त्यांनी दिली, पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० मध्ये.

लिव्हरपूलला परतल्यावर त्या एका मदतसंस्थेच्या वतीने गरीब वस्त्यांत घरभेटी देऊ लागल्या. त्या काळच्या मदतसंस्थांचा खाक्या असा होता की, मदत मागणाऱ्याचे चारित्र्य आधी तपासायचे आणि मग हात सैल सोडायचा. रॅथबोन यांना हळूहळू जाणवले की, प्रश्न स्वभावाचा नसून मजुरीच्या पद्धतीचा आहे. लिव्हरपूलच्या गोदीत माणसे अर्ध्या दिवसाच्या बोलीवर घेतली जात. सकाळी मुकादमासमोर उभे राहायचे, काम मिळाले तर ठीक, नाही तर दुपारी पुन्हा उभे राहायचे. गोदीतील मजुरीवरील त्यांचा अहवाल विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रसिद्ध झाला, आणि १९०९ मध्ये अशा हंगामी मजुरांची घरे कशी चालतात याचा त्यांनी प्रत्यक्ष जमाखर्चांवरून अभ्यास केला. नवऱ्याची कमाई आठवड्याला बदलते. त्यातून स्वतःसाठी काही ठेवून तो उरलेले बायकोच्या हातावर ठेवतो. त्याची खरी कमाई किती हे तिला पुष्कळदा माहीतही नसते. भाडे, पाव आणि कोळसा यांची तोंडमिळवणी करण्याची जबाबदारी मात्र तिचीच. त्याच वर्षी रॅथबोन लिव्हरपूल नगरपरिषदेवर ग्रँबी प्रभागातून अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्या परिषदेवरच्या त्या पहिल्या स्त्री. १९१३ मध्ये त्यांनी गरीब-कायद्याखाली (निराधारांना मदत देण्याच्या जुन्या कायद्याखाली) मदत घेणाऱ्या विधवांच्या स्थितीवर आणखी एक अहवाल लिहिला.

निर्णायक धडा महायुद्धाने दिला. १९१४ मध्ये सैन्यात गेलेल्यांच्या बायकांना सरकारकडून भत्ता मिळू लागला आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या लिव्हरपूल शाखेचा कारभार रॅथबोन यांनी सांभाळला. हा भत्ता दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे येई, मुलांच्या संख्येनुसार वाढे आणि बायकोच्या हातात पडे. गोदी कामगाराच्या बायकोला आयुष्यात प्रथमच पुढच्या आठवड्यात नेमके किती पैसे येणार हे आधी ठाऊक झाले. घरातला मिळवता माणूस खंदकात असताना मुले पूर्वीपेक्षा नीट जेवतात, हे दृश्य चमत्कारिक होते. पुढचा सारा विचार या निरीक्षणातून निघाला, आणि म्हणूनच पैसे मिळणे व पैसे आईला मिळणे या दोन गोष्टी रॅथबोन यांच्या डोक्यात कधीच वेगळ्या नव्हत्या. सरकारने १९४५ मध्ये त्या वेगळ्या केल्या, एवढाच त्या भांडणाचा अर्थ होता.

कागदावरची मुले

१९१७ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह कुटुंबभत्त्यासाठी एक समिती स्थापन केली. पुढच्या वर्षी या समितीने मांडलेल्या योजनेत मुलांबरोबरच आईसाठीही आठवड्याचा भत्ता होता, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण १९४५ पर्यंत तो भाग गळून गेला. १९२४ मध्ये ‘द डिसइनहेरिटेड फॅमिली’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यातील युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे, कारण तो दयेवर उभा नसून हिशेबावर उभा आहे. त्या काळी कामगार संघटना आणि सुधारक दोघेही म्हणत की, पुरुषाची मजुरी पाच जणांचे कुटुंब पोसता येईल एवढी असावी: तो, बायको आणि तीन मुले. रॅथबोन यांनी जनगणनेच्या आधारे विचारले की, असे नेमके तीन मुलांचे कुटुंब किती कामगारांचे आहे? उत्तर निघाले, दहांत एकाचेही नाही. बहुसंख्य पुरुष एक तर अविवाहित होते, किंवा त्यांना मुले नव्हती, किंवा मुले मोठी होऊन कमावती झाली होती. म्हणजे सर्वांना पाच जणांची मजुरी दिली तर देश अस्तित्वातच नसलेल्या तीस लाख बायका आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक मुले पोसणार, आणि तरीही ज्या घरांत तीनपेक्षा जास्त मुले आहेत तिथली साडेबारा लाखांच्या वर खरीखुरी मुले उपाशीच राहणार. मजुरी कामाची असते, कुटुंबाची नव्हे. म्हणून मुलांचा खर्च मजुरीतून बाहेर काढून समाजाने उचलावा, हा त्यांचा निष्कर्ष होता.

याच युक्तिवादाला दुसरी धार होती. समान कामाला समान वेतन मागितले की उत्तर ठरलेले असे: पुरुषाला कुटुंब पोसायचे असते. मुलांचा भार मजुरीवरून उतरला की ही सबब उरणार नव्हती. आणि तिसरी धार घराच्या आत वळलेली होती. मुले वाढवणे हे समाजासाठी केलेले काम आहे, त्याचा मोबदला करणारीला मिळाला पाहिजे, नवऱ्याच्या मर्जीतून नव्हे, असे त्या म्हणत. पुरुषांना ही कल्पना इतकी का झोंबते याचे कारण त्यांनी घरावर हुकमत गाजवण्याच्या सुप्त ओढीत शोधले आणि तिला ‘टर्क कॉम्प्लेक्स’, म्हणजे तुर्की पुरुषाचा गंड, असे नाव दिले. निरीक्षण अचूक होते. नाव मात्र पूर्वेकडील समाजांविषयी त्यांच्याच मनातल्या एका पूर्वग्रहाची साक्ष देते, आणि त्याकडे पुढे वळावे लागेल.

विरोधक आपल्याच घरातले

पुराणमतवादी (हुजूर) पक्षाने या कल्पनेला विरोध केला असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तिचे सर्वांत चिवट विरोधक डावीकडे आणि स्त्री-चळवळीतच होते. रॅथबोन १९१९ मध्ये मिलिसंट फॉसेट यांच्या जागी मताधिकारवादी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. आयुष्यभर मताधिकारासाठी लढलेल्या फॉसेट यांना कुटुंबभत्ता मुळीच मान्य नव्हता. आईबापांची जबाबदारीची जाणीव त्याने ढिली पडेल असे त्यांना वाटे, आणि संघटनेने १९२५ मध्ये भत्त्याची मागणी उचलल्यावर त्या दूर झाल्या. त्याच वर्षी रॅथबोन यांनी जुना आणि नवा स्त्रीवाद असा भेद मांडला: पुरुषांजवळ जे आहे ते आम्हाला द्या, एवढेच मागणे आता पुरे, स्त्रियांच्या स्वतःच्या आयुष्याला जे हवे ते मागू या. १९२७ मध्ये, प्रामुख्याने स्त्री-कामगारांसाठीच्या संरक्षक कायद्यांवरून, कार्यकारिणीतल्या अकरा जणींनी राजीनामे दिले. स्त्रीला आई म्हणून हक्क दिले तर ती आई म्हणूनच बांधली जाईल, ही त्यांची भीती अगदी निराधार होती असे म्हणता येत नाही.

कामगार संघटनांचा आक्षेप अधिक व्यवहारी होता. मुलांसाठी सरकार पैसे देते म्हटल्यावर मालक मजुरी वाढवायला कशाला तयार होईल? फ्रान्समध्ये मालकांनी चालवलेल्या भत्ता-निधींचे उदाहरण त्यांच्यासमोर होते आणि ते दिलासा देणारे नव्हते. मजूर पक्षातील स्त्रियांचा भत्त्याला पाठिंबा असूनही १९३० मध्ये ट्रेड्स युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या महासंघाच्या नेतृत्वाने रोख भत्त्याऐवजी आरोग्यसेवांसारख्या सेवांना पसंती दिली. त्या सुमारास न्यूझीलंडने १९२६ मध्ये आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९२७ मध्ये कुटुंबभत्त्याचे कायदे केलेलेही होते.

इतकी वर्षे अप्रिय विषय लावून धरणे रॅथबोन यांना जमले, याचे एक कारण त्यांच्या मतदारसंघात आहे. १९२२ मध्ये लिव्हरपूलच्या ईस्ट टॉक्स्टेथमधून त्या हरल्या. १९२९ मध्ये त्या ‘संयुक्त इंग्लिश विद्यापीठे’ या मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आल्या आणि मरेपर्यंत ती जागा त्यांच्याकडेच राहिली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन वगळता इतर इंग्लिश विद्यापीठांचे पदवीधर इथे टपालाने मतदान करीत. गल्लीतले प्रश्न नाहीत, पक्षाचा प्रतोद नाही, पुढच्या निवडणुकीत तिकीट कापले जाण्याची भीती नाही. एकाच व्यक्तीला दोन ठिकाणी मत देणारी ही व्यवस्था लोकशाहीच्या तत्त्वाला धरून नव्हती आणि १९४८ च्या कायद्याने ती गेली हे योग्यच झाले. पण तिच्याविना हे प्रकरण घडले असते का, याची या लेखकाला शंका आहे.

भारतातील गाठ

भारतीय वाचकांपैकी ज्यांना रॅथबोन हे नाव ऐकून माहीत असेल, त्यांना ते बहुधा रवींद्रनाथ ठाकूर यांच्या उत्तरामुळे माहीत असेल. १९४१ मध्ये रॅथबोन यांनी भारतीय मित्रांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि युद्धात सहकार्य न केल्याबद्दल त्यांना बोल लावले. रवींद्रनाथांनी रोगशय्येवरून त्याला जळजळीत उत्तर दिले; दोन महिन्यांनी ते गेले. तुरुंगात असलेल्या जवाहरलाल नेहरूंनीही रॅथबोन यांना लिहिले.

पण ही गाठ त्याआधी बारा वर्षांपासून पडलेली होती. अमेरिकन लेखिका कॅथरीन मेयो यांचे भारतीय समाजावर टीका करणारे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक वाचून रॅथबोन यांचे लक्ष भारतातील बालविवाहांकडे वळले आणि १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांच्या संघटनेने भारतीय स्त्रियांविषयी परिषद भरवली. तिथे धन्वंती रामा राव यांनी उभे राहून आक्षेप घेतला की, भारतीय स्त्रियांच्या सामाजिक सुधारणेची जबाबदारी ब्रिटिश स्त्रियांनी स्वतःकडे घेण्याचे कारण नाही, ते काम भारतीय स्त्रिया करीत आहेत. (याच धन्वंतीबाईंनी पुढे १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघटनेची स्थापना केली.) बालविवाहांना आळा घालणारा सारडा कायदा १९२९ मध्येच झाला होता, तो नीट अमलात येत नाही म्हणून रॅथबोन यांनी १९३४ मध्ये बालविवाहांवर पुस्तक लिहिले. भारतीय स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाबतीतही तसेच घडले. मतदारयादीत स्त्रियांची संख्या वाढावी म्हणून मालमत्ताधारक पुरुषाच्या पत्नीला पत्नी या नात्याने मत द्यावे, अशी खटपट रॅथबोन करीत होत्या, तर भारतीय स्त्रियांच्या प्रमुख संघटना प्रौढ मताधिकार मागत होत्या आणि पत्नीपणावर आधारलेले मत त्यांना नको होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात पत्नीपणाची अट आली.

इथला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. लिव्हरपूलच्या बाईला तिचा पैसा नवऱ्यामार्फत नव्हे तर स्वतःच्या हक्काने मिळावा म्हणून जी स्त्री झगडली, तिनेच भारतीय स्त्रीला नवऱ्याच्या मालमत्तेमार्फत मत मिळवून देण्यात समाधान मानले. त्यांचा हेतू खोटा नव्हता. तडजोडीने का होईना, अधिक स्त्रियांना मत मिळेल असा हिशेब होता. परंतु मदत मिळणारीला काय हवे आहे हे तिलाच विचारावे, हा लिव्हरपूलमध्ये शिकलेला धडा समुद्रापलीकडे लागू करणे त्यांना जमले नाही.

अर्थखाते मन बदलते

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये एक अडचणीची विसंगती तयार झाली होती. बेकारभत्त्यात १९२१ पासून बायको-मुलांसाठी वेगळी रक्कम मिळत असे. मजुरीत ती नसे. परिणामी मोठ्या कुटुंबाच्या कमी पगाराच्या कामगाराला कामावर असण्यापेक्षा बेकार असताना जवळजवळ तेवढेच, कधी जास्तही, मिळू शके. बेकारभत्ता कमी करावा तर मुले उपाशी. ठेवावा तर कामाची ओढ कमी. मुलांचा भत्ता कामावर असताना आणि नसतानाही सारखाच दिला तर हा पेच सुटत होता.

युद्धाने दुसरे कारण पुरवले. महागाई वाढली की मजुरी वाढवण्याची मागणी येणार, सर्वांची मजुरी वाढली की महागाई पुन्हा भडकणार. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९४० मध्ये युद्धखर्चाची जी योजना मांडली, तिच्यात मुलामागे पाच शिलिंगांचा भत्ता होता: सर्वांची मजुरी वाढवण्यापेक्षा, ज्या घरांना खरी झळ बसते तिथेच पैसे पोचवणे स्वस्त पडते. जन्मदर घसरत असल्याची चिंता हे तिसरे कारण. या तिन्ही कारणांत स्त्रीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख कुठेच नाही. रॅथबोन यांना हे कळत नव्हते असे नाही. १९४० मध्ये त्यांनी कुटुंबभत्त्यावर जे नवे, स्वस्त किमतीचे पुस्तक लिहिले, त्यात मुलांचे दारिद्र्य आणि राष्ट्राची गरज पुढे आली आणि १९२४ ची स्त्रीवादी मांडणी मागे सरली. दार उघडत असेल तर कोणत्या किल्लीने उघडते याबद्दल त्या फार सोवळ्या नव्हत्या.

१९४१ मध्ये सर्व पक्षांच्या दीडशेहून अधिक खासदारांनी भत्त्याच्या मागणीच्या ठरावावर सह्या केल्या आणि शिष्टमंडळ अर्थमंत्री किंग्जली वुड यांना भेटले. मंत्रिमंडळात भारतमंत्री लिओ एमरी हे भत्त्याचे जुने पुरस्कर्ते होते. कामगार संघटनांचा विरोधही युद्धकाळात मावळला. १९४२ च्या डिसेंबरमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विमायोजनेवरचा प्रसिद्ध अहवाल आला, त्यात मुलांचा भत्ता ही संपूर्ण योजनेची पहिली पूर्वअट म्हणून गृहीत धरली होती. बेव्हरिज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक असताना १९२४ चे ते पुस्तक वाचून या मताचे झाले होते आणि आपल्या संस्थेतील कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी मुलांचा भत्ता सुरूही केला होता. मुलाच्या निर्वाहाला आठवड्याला नऊ शिलिंग लागतात, त्यातले एक शिलिंगाचे दूध-जेवण वस्तुरूपाने मिळते, म्हणून रोख आठ शिलिंग, असा त्यांचा हिशेब. पहिले मूल वगळण्याची सूचनाही त्यांचीच. १९४३ च्या फेब्रुवारीत सरकारने तत्त्व मान्य केले, रक्कम मात्र पाच शिलिंगांवर आणली आणि उरलेले शाळेतील दूध व जेवणातून भरून काढू असे सांगितले.

कलम

अशा वाटेने विधेयक १९४५ पर्यंत आले. राष्ट्रीय विमा मंत्री सर विल्यम जोविट यांनी मांडलेल्या मसुद्यात भत्ता पतीच्या मालकीचा होता, पण टपाल कार्यालयात तो पती किंवा पत्नी कोणीही वटवू शकत असे. सरकारचे म्हणणे वकिली थाटाचे होते: कुटुंब पोसण्याची कायदेशीर जबाबदारी पित्यावर आहे, त्यामुळे त्या जबाबदारीला हातभार लावणारी रक्कमही त्याचीच. व्यवहारात बहुतेक घरांत बाईच जाऊन पैसे आणणार, मग मालकीचा वाद कशाला?

या प्रश्नाचे उत्तर दोनच वर्षांपूर्वीच्या एका निकालात होते. नवऱ्याने दिलेल्या घरखर्चातून काटकसर करून एका स्त्रीने सहकारी संस्थेत शंभराहून थोडे अधिक पौंड साठवले होते. १९४३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की, घरखर्चाचे पैसे नवऱ्याचे, म्हणून त्यातून वाचवलेले पैसेही नवऱ्याचेच. हा नियम बदलायला १९६४ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही बचत निम्मी-निम्मी मानली गेली. या पार्श्वभूमीवर पतीच्या मालकीचा भत्ता म्हणजे घरखर्चाच्या पैशांत पडलेली आणखी एक भर ठरली असती. समंजस नवऱ्याच्या घरी कलमाने काहीच फरक पडला नसता. ज्या घरी फरक पडणार होता तीच घरे रॅथबोन यांनी लिव्हरपूलमध्ये पाहिलेली होती. शिवाय कायदा काय म्हणतो यावर समाजात स्त्रीचे स्थान ठरते, आणि राज्याने प्रथमच मातृत्वासाठी पैसे देताना आईला नवऱ्याची मुनीम ठरवावे, हे त्यांना सहन होणारे नव्हते.

८ मार्चच्या दुसऱ्या वाचनाच्या चर्चेत त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. बाहेर स्त्री-संघटनांनी पत्रे, निवेदने आणि भेटीगाठींचा धडाका लावला. निवडणूक दिसू लागली होती, आणि मतदारांत स्त्रियांची संख्या मोठी होती, हे कोणाला सांगण्याची गरज नव्हती. सरकारने अखेर या कलमावर पक्षादेश न काढता सदस्यांना मोकळे मत देऊ दिले, आणि सभागृहाने मालकी पत्नीकडे वळवली. वटवण्याची सोय दोघांनाही राहिली. १५ जून १९४५ रोजी विधेयकाला राजमान्यता मिळाली.

सरकारने मोकळे मतदान दिले याचा अर्थ सरकारला पटले असा होत नाही. उलट, पैशांच्या रकमेवर ज्यांनी एक पेनीही सोडली नाही, त्यांनी मालकीच्या प्रश्नावर माघार घेतली, कारण त्यात तिजोरीचे काही जाणार नव्हते. एलिनॉर यांच्या दृष्टीने जो मुख्य मुद्दा होता तो अर्थखात्याच्या दृष्टीने फुकटचा होता. हे त्यांच्या यशाचे कारणही आहे आणि मर्यादाही.

काय हाती लागले

१९१८ च्या योजनेतला आईचा स्वतःचा भत्ता नव्हता. पहिले मूल वगळलेले होते. रक्कम निर्वाहाला पुरणारी नव्हती. ती आठ शिलिंग झाली १९५२ मध्ये, म्हणजे बेव्हरिज यांचा आकडा दहा वर्षांनी गाठला गेला, तोवर किमती बऱ्याच पुढे गेल्या होत्या. कुटुंब पोसणारी मजुरी ही कल्पना अबाधित राहिली आणि समान वेतनाचा कायदा यायला १९७० पर्यंत वाट पाहावी लागली. ज्या विमायोजनेचा हा भत्ता शेजारी होता, तिच्यात विवाहित स्त्री ही पतीची आश्रित म्हणूनच धरलेली होती.

दरम्यान रॅथबोन यांची शक्ती दुसऱ्या कामांत खर्च होत होती. १९३८ नंतर नाझींच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या निर्वासितांसाठी त्यांनी संसदेत इतका पाठपुरावा केला की, त्यांना निर्वासितांच्या खासदार म्हटले जाऊ लागले. तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. २ जानेवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. पहिला भत्ता टपाल कार्यालयांतून वाटला गेला तो ६ ऑगस्ट १९४६ रोजी, मंगळवारी.

कलमाची खरी परीक्षा पुढे झाली. भत्त्याबरोबरच मुले असलेल्या पित्याला आयकरात सवलत मिळत असे, आणि ती त्याच्या पगाराच्या पाकिटात दिसे. १९७२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने दोन्ही एकत्र करून वेतनातून देण्याचा विचार मांडला, म्हणजे पैसे पुन्हा बापाच्या पाकिटात जाणार होते. स्त्री-संघटनांनी गदारोळ केला. मग मजूर पक्षाच्या मंत्री बार्बरा कॅसल यांनी १९७५ मध्ये उलट दिशेने कायदा करून घेतला: करसवलत आणि भत्ता मिळून एकच बालभत्ता, पहिल्या मुलासह सर्व मुलांना, आणि तो आईला. १९७६ मध्ये जेम्स कॅलॅहन पंतप्रधान होताच कॅसल यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले, आणि नव्या मंत्रिमंडळाने योजना पुढे ढकलली. कारण असे दिले गेले की, पुरुषांच्या हाती पडणारा पगार कमी दिसला तर कामगार संघटना मजुरी-नियंत्रणाचा करार मोडतील. मंत्रिमंडळाची कागदपत्रे फुटली, गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनेचे फ्रँक फील्ड यांनी ती जाहीर केली, आणि सरकारला टप्प्याटप्प्याने का होईना योजना आणावी लागली. १९७७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या मुलासाठी एक पौंडापासून सुरुवात झाली. १९७९ च्या एप्रिलमध्ये प्रत्येक मुलामागे चार पौंड आईला मिळू लागले.

या बदलाचा एक अनपेक्षित उपयोग अर्थशास्त्रज्ञांना झाला. घरात येणारा एकूण पैसा साधारण तेवढाच राहून तो कोणाच्या हातात पडतो एवढेच बदलले, असे प्रसंग क्वचित मिळतात. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलॅक आणि टेरेन्स वेल्स यांनी १९९७ मध्ये ब्रिटनमधील कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदी तपासून दाखवले की, पैसे पाकिटातून पर्समध्ये गेल्यावर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. लिव्हरपूलच्या गोदीवाड्यात सैनिकांच्या बायकांकडे पाहून रॅथबोन यांनी जे १९१४ मध्ये ताडले होते, ते आता आकड्यांत मांडलेले होते.